साक्षीदार जिवंत आहे

ज्या ओट्यावर म्हातारी माणसं बसतात, तिथे पीकपाण्याचं बोलणं दुपारपर्यंत पुरतं. मग कोण कोणाला काय ठेवून गेला, यावर गाडी येते. आमच्या गावात सोसायटीच्या गोदामासमोर असा ओटा आहे. गाव तापीकाठी, सारंगखेड्यापासून जवळ. केळी, ऊस, कापूस. ओट्यावरचे सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यात मी सर्वात मोठा. मला आप्पा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत झाली. सही करता येते आणि ती कशासाठी केली ते लक्षात राहतं. तेवढ्यावर आयुष्य निघालं.

मृत्युपत्राचे किस्से आमच्याकडे इतके साचले आहेत की पाहुणा बसला तर त्याची बस चुकते. पुढचे सगळे आमच्याच ओट्याचे आहेत. ऐकीव एकही नाही.

*

आमच्या गावाची एक रीत होती. कागद कुठलाही असो, साक्षीची सही गावातल्या सर्वात मोठ्या माणसाची. वाटणीला तोच, भांडण मिटवायला तोच, मृत्युपत्रालाही तोच. धाकट्याला साक्षीला बोलावलं तर मोठ्याचा अपमान. पुष्कळ वर्षं आमचे उखाबापू सर्वात मोठे होते. नव्वदीला टेकलेले. गावात मृत्युपत्र कोणाचंही होवो, पहिली सही उखाबापूंची, दुसरी माझी. मान होता तो. आम्ही धुतलेलं धोतर नेसून जायचो.

एक दिवस उखाबापू गेले. दहाव्याला मंडपाच्या कडेला, उन्हात बसलो होतो. दशरथ माझ्या कानाशी लागला. दशरथ म्हणजे आमच्या ओट्याचं तोंड. बाकीच्यांच्या मनात जे असतं ते तो बोलतो.

"आप्पा, मन्हा मृत्युपत्रवर बापूनी सही शे. आते कसं?"

मागचा एक जण म्हणाला, "मन्हावर बी."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "मन्हावर बी."

मंडपात कुजबुज पसरली. मृत्युपत्र करणारे सगळे धडधाकट बसलेले आणि साक्षीदार फोटोत. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. दुसरी सही माझी होती.

दशरथ मोठ्याने म्हणाला, "आप्पाले सावलीमा बसाडा रे कोनी."

*

उखाबापूंच्या मागोमाग मगन गेला. तो माझा मित्र. वयाने माझ्याहून लहान, जिभेने सगळ्यांहून मोठा. त्याचे दोन मुलगे. थोरला जगदीश. धाकटा तरुणपणीच आजाराने गेला. त्याची बायको सुमन आणि एक लहान मुलगी मागे राहिली. जगदीशला मगनने गावालगतचं वावर आधीच देऊन टाकलं होतं. नदीकाठचं वावर मगनने स्वतः विकत घेतलेलं. ते सुमन कसत होती. केळीचं खोड बसवण्यापासून घड उतरवण्यापर्यंत सगळं ती बघायची, आणि घरी येऊन सासऱ्याचं जेवणखाण. मगनने ते वावर मृत्युपत्राने सुमनच्या नावे केलं. साक्षीदार रीतीप्रमाणे दोन. उखाबापू आणि मी.

मगन गेल्यावर सुमन तलाठ्याकडे नोंद करायला गेली. जगदीशने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, "दवाखान्यातून आल्यावर बाबांना काही समजत नव्हतं. कोणीतरी सही करून घेतली." प्रकरण कोर्टात गेलं.

सुमन मला घेऊन वकीलबाईंकडे गेली. बाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं.

"मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायला निदान एक साक्षीदार उभा राहावा लागतो. दोघंही नसतील तर मार्ग असतो, पण तो लांबचा आणि कच्चा. मृत्युपत्र टिकलं नाही तर निम्मं वावर जगदीशचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला बीपी, शुगर काही?"

"मला आप्पा म्हणतात," मी म्हणालो. "आणि काही नाही."

"नाही म्हणजे तपासलंय का?"

"तपासलं नाही म्हणून नाही."

सुमनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाईंना हळूच विचारलं, "ताई, तारीख लवकर नही का भेटनार?"

*

याच काळात आमच्या हिरालालच्या घोडीचा निकाल लागला. तो किस्सा सांगतो.

हिरालाल ओट्यावर कमी आणि तबेल्यात जास्त बसायचा. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याच्या घोडीपुढे माणसं उभी राहायची. त्याने मृत्युपत्रात शेत दोन्ही मुलांना सारखं दिलं आणि घोडीबद्दल लिहिलं, "घोडी आपणहून ज्याच्या मागे चालेल, त्याची." तो गेल्यावर मुलांनी आम्हाला अंगणात बोलावलं. पंच म्हणून.

थोरला गूळ घेऊन उभा. धाकटा भिजवलेले हरभरे घेऊन उभा. घोडी सोडली. तिने गूळ खाल्ला. मग हरभरे खाल्ले. दोघंही हाका मारत होते. तेवढ्यात हिरालालची बायको, जानकीबाई, रिकामी बादली घेऊन हौदाकडे निघाली. घोडी वळली आणि तिच्या मागे चालू लागली.

"माय, तू मधमा येऊ नको," थोरला ओरडला.

आता यातली गोम सांगितली पाहिजे. हिरालाल गेल्यापासून आईला कोणी ठेवायचं यावरून दोघांची रोज जुंपत होती. एक म्हणायचा तुझ्याकडे, दुसरा म्हणायचा तुझ्याकडे.

जानकीबाईने बादली खाली ठेवली. "घोडी मन्ही व्हयनी. आते मी जठे ऱ्हासू, घोडी तठे. सांगा, माले कोन ठेवस?"

दोन्ही मुलं एकदम म्हणाली, "मी."

तिने आमच्याकडे पाहिलं. "आयकं ना? तुम्हीच साक्षीदार."

*

मी साक्षीदार आहे हे गावाला कळलं आणि माझं जिणं अवघड झालं.

सुमन रोज माझ्या घरी डबा पाठवायला लागली. माझी सून म्हणाली, "आमच्या घरी काय स्वयंपाक होत नाही?" सुमन म्हणाली, "व्हस ना, पन तुम्ही मीठ जास्त टाकतस." दोघींचं भांडण होईल असं वाटलं. झालं उलटंच. दोघी एक झाल्या. घरच्या भाजीतलंही मीठ गेलं. ठेचा ताटातून उठला. शेवभाजी तर दारावरूनही जाईना.

मी विचारलं, "मी साक्षीदार आहे की पेशंट?"

सून म्हणाली, "कोर्टात जाऊन या. मग पाहिजे ते खा."

ओट्यावर मी खोकललो की सगळे बोलायचे थांबत. एकदा ठसका लागला तर पानटपरीवाला पाणी घेऊन पळत आला. बसमध्ये चढलो तर आवाज यायचा, "आप्पाले जागा द्या भो, साक्षीदार शे." खिडकीची जागा मिळायची, पण काच कोणी उघडू देत नसे. वारं लागेल म्हणून.

गावात दुसऱ्या कोणाची इतकी काळजी मी पाहिली नाही. आमदार आले होते तेव्हाही नाही.

*

दशरथचा मुलगा मुंबईला असतो. मोठ्या इमारतीत राहतो. तिथे शेजारचा कोणी म्हातारा वारला आणि त्याच्या मुलांना प्रोबेटसाठी हायकोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. ते पाहून पोरगा घाबरला. लगेच बापाला फोन लावला. दशरथला मोबाइल कानाला लावायची सवय नाही. तो स्पीकरवर ठेवतो आणि सगळ्या ओट्याला ऐकवतो.

"बाबा, तुमच्या मृत्युपत्राचं प्रोबेट करून घ्या."

"ते काय ऱ्हास?"

"कोर्टाचा शिक्का असतो. मृत्युपत्र खरं आहे असा. या महिन्यातच करून टाका. पुढे धावपळ नको."

त्या दिवशी वकीलबाई गावात जमीन बघायला आल्या होत्या. ओट्यापाशी चहा घेत होत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "दशरथभाऊ, मुलाला सांगा, आपल्या भागात शेतीच्या मृत्युपत्राला त्याची सक्ती नाही. आणि जिथे करतात तिथे ते माणूस गेल्यावर करतात."

दशरथने मोबाइल तोंडाजवळ नेला.

"आयकं का? आधी माले मरू तर दे."

 मग पोरगा म्हणाला, "बाबा, तब्येतीला जपा."

*

उखाबापू गेल्यापासून सगळ्यांनी नव्याने मृत्युपत्रं करायला घेतली. वकीलबाईंनी सांगितलं होतं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, माणूस शुद्धीत आहे असं. आणि रजिस्टर करून टाका. सक्ती नाही, पण पुढे तोंडं बंद होतात.

पहिला नंबर दशरथचा. आम्ही त्याला शहाद्याला नेलं. डॉक्टर नवीन होते, बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

दशरथ म्हणाला, "दिवसनी लाइटना पहिला दिन."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. डॉक्टरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. तेव्हा कंपाउंडर मधे पडला. त्याची स्वतःची केळी आहे. "सर, बरोबर आहे. आमच्या शेतीपंपांच्या फीडरला कालपर्यंत रात्रीची लाइट होती. आजपासून दिवसाची. म्हणजे शुक्रवार."

डॉक्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शुक्रवारच होता.

"बरं. मुलं किती तुम्हाला?"

"दोन शेत. कामना एक."

कंपाउंडरने सांगितलं, दोन आहेत म्हणतात, कामाचा एक. डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहून टाकलं. पुढे काही विचारलं नाही.

*

मग प्रश्न आला साक्षीदारांचा. म्हातारा नको, हे आता सगळ्यांना पटलं होतं. तरुण पाहिजे. पण तरुण म्हणजे कसा? ओट्यावर निवड सुरू झाली. मुलीला स्थळ बघताना जेवढं बघत नाहीत, तेवढं बघायला लागले.

दशरथने जिममध्ये जाणाऱ्या एका पोराला बोलावलं. समोर बसवलं.

"तमाखू खास?"

"नही बाबा."

"गाडी धीरे चालावस ना?"

पोराने गाडीची किल्ली खिशात घातली. मागून कोणीतरी म्हणालं, "आत्तेच तं पन्नास खड्डा उडीसन उना."

पोरगा बाद. दुसरा आला, तो सुरतला कामाला जाणार होता. बाद. तिसरा चांगला होता, पण त्याचा बाप लवकर गेलेला, आजाही लवकर गेलेला. दशरथने त्याला चहा पाजून परत पाठवलं. जाता जाता त्या पोराने विचारलं, "माझं काय चुकलं?" 

शेवटी दशरथने गावातल्या नर्सबाईंना साक्षीदार केलं. दुसरी साक्षीदार शाळेतल्या बाई. दोघींनी सही करण्याआधी दशरथला स्वतः वाचून घ्यायला लावलं, मग डोळ्यांदेखत त्याची सही घेतली. ओट्यावरच्या काही जणांना ते रुचलं नाही. बायकांची साक्ष कशी काय, म्हणाले.

दशरथ म्हणाला, "आपला वयनी माणसं मोजा आनि आपला वयन्या बाया मोजा. मंग बोला."

ओट्यावर बसल्या बसल्या सगळ्यांनी मोजलं. बाया जास्त निघाल्या.

*

जगदीश वाईट माणूस नाही. वावरापुरता वाकडा. तो मला रस्त्यात भेटला की थांबायचा.

"आप्पा, तब्बेत कशी शे?"

"बरी शे. तुन्ही?"

एवढंच बोलणं. पण ते ऐकायला चार माणसं कान लावून थांबायची.

एकदा शहाद्याला जायचं होतं आणि बस आली नाही. जगदीश मोटरसायकल घेऊन आला. "चला आप्पा, सोडस." फाट्यावरच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्ता खोदलेला, गाडी जुनी, चालवणारा जगदीश, आणि मागे बसणारा मी. दशरथने माझा हात धरला. "बसू नको आप्पा."

मी बसलो. मला कोणी हात धरून अडवलेलं चालत नाही. जगदीशला म्हणालो, "चालव. मी पडलो तर तूही पडशील."

त्या दिवशी जगदीशने जी गाडी चालवली तशी नवऱ्या मुलालाही कोणी नेत नाही. प्रत्येक खड्ड्याला थांबला. एका ठिकाणी तर उतरून गाडी हाताने काढली. मागून बैलगाडी आली आणि पुढे निघून गेली.

शहाद्याला उतरलो तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजलेला. मी विचारलं, "का रे, इतका घाबरलास?"

"आप्पा, तुम्हले काही व्हतं तं गाव म्हनतं मीच पाडा."

*

तारखा पुढे जात राहिल्या. कधी हे नाही, कधी ते नाही. सुमन प्रत्येक तारखेला मजुरांना वावरात सोडून यायची आणि बाकावर बसून राहायची.  फक्त माझ्याकडे बघायची, मी नीट बसलो आहे ना म्हणून.

वकीलबाईंनी अर्ज दिला. साक्ष लवकर घ्यावी. अर्ज न्यायाधीशांनी मोठ्याने वाचला. "साक्षीदार अतिवृद्ध असून आजारी असल्याने..."

मी मागच्या बाकावर होतो. उठलो.

"साहेब, मी आजारी नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी विचारलं, "कोण बोललं?"

"मी. साक्षीदार." काठी बाकाला टेकवून ठेवली आणि तिच्याशिवाय पुढे चालत गेलो. मागे बघितलं नाही, पण सुमन उभी राहिली होती हे कळलं.

समोरचे वकील हुशार. लगेच उठले. "साहेब, साक्षीदार ठणठणीत आहेत. मग घाई कशाला? पुढची तारीख द्यावी."

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मी माझ्या आईनंतर कोणाची पाहिली नव्हती.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाबा, वय किती?"

"आधार कार्डावर ब्याऐंशी. आई जास्त सांगायची."

"ठीक आहे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी आणखी खेपा घालायला लावणार नाही. पुढच्या तारखेला साक्ष होईल, त्यात बदल नाही." मग त्यांनी वकीलबाईंना सांगितलं, "अर्जातलं 'आजारी' खोडा. 'अतिवृद्ध' राहू द्या."

मी म्हणालो, "'अति' पण खोडा, साहेब."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः पेन उचललं आणि खोडलं.

*

साक्षीच्या दिवशी अर्धा ओटा कोर्टात होता. दशरथने नवा सदरा घातलेला. सुमन पहिल्या बाकावर, मुलगी शेजारी. जगदीश मागच्या बाकावर. वकीलबाईंनी मला आदल्या दिवशी बोलावलं होतं. म्हणाल्या, "जे पाहिलं तेवढंच सांगा. जे पाहिलं नाही ते सांगू नका. रागावू नका." पहिल्या दोन गोष्टी मला शिकवायची गरज नव्हती. तिसरी लक्षात ठेवली.

वकीलबाईंचे प्रश्न झाले. समोरचे वकील उठले. आवाज गोड होता त्यांचा.

"तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"हे मृत्युपत्र तुम्ही वाचलं होतं?"

"नाही."

"उखाबापूंनी वाचलं होतं?"

"त्यांना दिसत नव्हतं."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकील माझ्याजवळ आले.

"म्हणजे एकाने वाचलं नाही, एकाला दिसत नव्हतं. तरी सह्या केल्या. कशाच्या?"

"मगनने आमच्यासमोर सही केली. ती पाहिली. म्हणून मी सही केली. उखाबापूंना दूरचं दिसत नव्हतं. मगनचा हात त्यांच्या गुडघ्यापाशी होता. तो त्यांनी पाहिला."

"आत काय लिहिलंय ते विचारलं नाही?"

"त्याचं वावर, त्याची सही. मी का विचारू?"

वकीलबाईंची मान थोडी हलली. साक्षीदाराने एवढंच बघायचं असतं, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी जे झालं ते सांगत होतो.

समोरच्या वकिलांनी कागद खाली ठेवला. आता ते मुद्द्यावर आले.

"मगन तेव्हा दवाखान्यातून नुकतेच आले होते. अंथरुणावर होते. बरोबर?"

"बरोबर."

"त्यांना काही समजत नव्हतं. त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. असं माझं म्हणणं आहे."

"चूक आहे."

"कशावरून? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता? काही बोलले का ते तुमच्याशी?"

"बोलला."

"काय बोलले?"

मी वकीलबाईंकडे पाहिलं. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, "सांगा बाबा. जसं बोलले तसं सांगा."

म्हणून मी मगन जसा बोलला तसंच सांगितलं. त्याच्याच बोलीत.

"सही करण्याआधी त्याने पेन हातात धरलं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. म्हणाला, 'एकना डोळा गयात, दुसराना दात गयात. ह्या दोन्ही डोकरा मन्हा आधी मरी गयात, तं साक्ष कोन देई? मन्ही म्हैस?' म्हणाला, कोणी जवान माणूस बोलवा. आम्हाला राग आला. रीत म्हणजे रीत. उखाबापू म्हणाले, आम्हीच करणार. आम्हीच केली."

 टायपिस्टचा हात थांबला होता.

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी त्या खोलीत डोकं ठिकाणावर असलेला माणूस तो एकटाच होता."

न्यायाधीशांनी तोंडापुढे हात धरला. दशरथ मोठ्याने हसला आणि शिपायाने त्याला बाहेर काढलं. पण माझं लक्ष मागच्या बाकाकडे होतं. जगदीश उठून उभा राहिला होता. डोळे पुसत होता आणि हसतही होता.

"साहेब," तो म्हणाला, "मन्हा बाप असाच बोले."

त्याच्या वकिलांनी झटकन मागे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

बसता बसता तो म्हणाला, "म्हैस बी व्हती, साहेब."